विहीणबाईंच्या जीपचं वीतभर ढिलं स्टीअरिंग

आदरणीय विहीणबाई यांना,

तुमच्या सुनेच्या आईचा नमस्कार. खरं तर वाकून करायचा होता, पण गेले तीन आठवडे गाडीखाली उताणी पडून माझी कंबर अशी काही आखडली आहे की एकदा वाकलेली मी परत सरळ होईन याची खात्री नाही. तेव्हा उभ्यानं केलेला नमस्कार वाकून केला असं समजून गोड मानून घ्यावा. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आता चार महिने झाले. थेंब घालणं थांबलं का? वाचताना डोळ्यांवर ताण येत असेल तर हे पत्र दोन बैठकींत वाचा, कारण ते लांबणार आहे. (माझी पत्रं लांबतातच. दातांच्या डॉक्टरचा धंदाच असा, की समोरच्याचं तोंड उघडं ठेवायचं आणि त्याला बोलू द्यायचं नाही. मग आपलं बोलणं साचत जातं आणि ते कुठे तरी सांडतं.) तुमची सूनबाई ठीक आहे. आठवा संपला. पाय सुजतात, पण डॉक्टर म्हणतात, तेवढे सुजायचेच. भूक उत्तम, राग त्याहून उत्तम.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेली जीप पोचली, असं मी दोन महिन्यांपूर्वी फोनवर कळवलं होतं आणि 'छान आहे हो' असंही म्हणाले होते. विहीणबाई, ते मी नात्याला जपून म्हणाले होते. तुम्ही किती प्रेमानं पाठवलीत ती! इस्पितळ डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता अठरा किलोमीटर वळणावळणाचा, पोरीचे दिवस भरत आलेले, दारात हक्काची गाडी हवी, आणि तुम्ही आता चालवणं सोडलेलं. तीस वर्षं गावोगावच्या गोठ्यांत जाऊन गुरांवर उपचार केलेत ते याच गाडीतून. अशी गाडी कुणी सहजासहजी हातावेगळी करत नाही, हे मला कळतं. म्हणूनच पहिल्या दिवशी ती शिंप्याच्या दुकानाकडे परस्पर निघाली तेव्हा मी काही बोलले नाही.

झालं असं, की आमचे हे चालवत होते, मी शेजारी आणि सूनबाई मागे. ह्यांनी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. गाडीला पत्ताच नाही. आणखी फिरवलं, चांगलं वीतभर फिरलं, तरी गाडी आपली सरळ. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखं वाटत होतं. अर्ज पोचला असावा, पण त्यावर कारवाई कधी होईल ते सांगता येत नाही. मग एकाएकी कारवाई झाली, ती नको तेवढी झाली, आणि गाडीनं शिंप्याच्या दुकानाबाहेरची 'फिटिंग करून मिळेल' ही पाटी आडवी केली. शिंपी गळ्यात टेप घालून बाहेर आला. त्यानं पाटीकडे पाहिलं नाही. ह्यांच्या हातातलं स्टीअरिंग इकडून तिकडे डुलताना बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, फिटिंग ढिलं आहे."

मागून तुमची सूनबाई म्हणाली, "आई, मी कळा देत देत चालत जाईन, पण या गाडीतून जाणार नाही."

गाडी ढिली म्हटल्यावर सल्ले मात्र घट्ट मिळायला लागले. पहिला सल्ला हवेचा. हवा भरली. उजव्या चाकात खरंच कमी होती, थोडा फरक पडला, पण थोडाच. दुसरा सल्ला चाकं एका रेषेत लावून घ्यायचा, म्हणजे अलाइनमेंटचा. तिथे कॉम्प्युटरवर हिरवे आकडे आले, त्या माणसानं ते मला अभिमानानं दाखवले, आणि गाडी ते हिरवे आकडे घेऊन पूर्वीसारखीच भरकटत घरी आली. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा हिरवे. (हलणाऱ्या दाताला पॉलिश करण्यातलाच हा प्रकार. दात चमकतो आणि हलतो.) मग पेट्रोल पंपाजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसानं स्टीअरिंग दोन बोटांनी हलवलं आणि "प्ले आहे" एवढंच म्हणाला. ह्यांनी विचारलं, "किती अंकी?" तो हसला नाही. त्यानं बॉनेट उघडलं, नारळाएवढा एक लोखंडी डबा दाखवला (आपण वर स्टीअरिंग फिरवतो ते खाली चाकांकडे पोचवणारा हाच तो स्टीअरिंगचा डबा), त्या डब्यावरचा एक स्क्रू करकचून आवळला आणि म्हणाला, "घ्या, नवी झाली."

आणि खरंच ढिलाई गेली, हो! स्टीअरिंग हलवलं की चाक हललं. आम्ही खूश. पोस्टाच्या कोपऱ्यावर ह्यांनी डावं वळण घेतलं आणि वळण संपल्यावर नेहमीप्रमाणे हात सैल सोडले. स्टीअरिंग आपसूक सरळ व्हायला हवं ना? ते जिथे होतं तिथेच रुसून बसलं. वळण संपलं, गाडी वळतच राहिली. पोस्टाच्या फाटकातून आत, गुलाबाच्या वाफ्याला वळसा घालून, थेट पायऱ्यांपाशी जाऊन थांबली. पोस्टमास्तर चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले, आम्हा दोघांकडे आणि बॉनेटकडे बघितलं, आणि विचारलं, "रजिस्टर की साधं?"

विहीणबाई, इथपर्यंत मी निव्वळ घाबरलेली होते. पण त्या पायऱ्यांपाशी बसल्या बसल्या माझ्या मनात एक प्रश्न आला आणि भीती जरा बाजूला सरकली. त्या माणसानं स्क्रू आवळला म्हणजे नक्की काय केलं? आजार बरा केला, की आजाऱ्याला बांधून ठेवलं? माझ्याकडे असे रोगी येतात. दात हलतो म्हणून शेजारच्या दाताला तारेनं बांधून घेतात, आणि दोन वर्षांनी दोन्ही हातात घेऊन येतात. मला एकदम वाटलं, या गाडीला कुणी तपासलेलंच नाही. सगळे औषध देऊन मोकळे झाले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्क मेकॅनिक आहेत. त्यांना सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण ते बोलत नाहीत. दिवसाला दहा शब्द, त्यातले सहा 'हं'. मी त्यांच्याकडे जाऊन स्टूलवर बसले आणि विचारलं, की स्टीअरिंगचा रोग शोधायचा कसा? दुरुस्त करून द्या असं म्हटलं नाही, शोधायचा कसा, असं विचारलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. (इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नसावं. नुसतं 'कधी देता?' एवढंच.) मग म्हणाले, "एकानं वर हलवायचं. एकानं खाली बघायचं. हालचाल कुठे मरते, तिथे रोग." एवढं बोलून त्यांनी त्या दिवसापुरतं तोंड बंद केलं.

मला आणखी काही नकोच होतं. घरी येऊन मी आधी तो आवळलेला स्क्रू पूर्ववत केला. किती फिरवला होता ते गॅरेजवाल्याला आठवत नव्हतं, पण जुन्या रंगावर खूण राहिली होती, पाऊण फेरा. मग जीपचा केसपेपर काढला. वय बत्तीस. तक्रार, ऐकत नाही. पूर्वीचे उपचार, बरेच, सगळे चुकीचे. स्टीअरिंगच्या वरच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि चाकं न हलता तो किती सरकतो ते टेपनं मोजलं. वीतभरात एक बोट कमी. ते लिहून ठेवलं. मग दवाखान्यातली जुनी चादर अंगणात पसरली, कपाळाला दिवा बांधला, दात तपासायचा लांब दांड्याचा आरसा घेतला आणि गाडीखाली सरकले. विश्वास ठेवा, तो आरसा याच कामासाठी बनवला असावा. जिथे मान जात नाही तिथे तो जातो, आणि तुमच्या गाडीखाली मान जात नाही अशा जागा पुष्कळ आहेत.

वर हलवायला हे होते. इंजिन बंद, चाकं जमिनीवर, ह्यांनी फक्त स्टीअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं. पण मी खालून ओरडलेलं ह्यांना ऐकू जाईना आणि ह्यांनी वरून विचारलेलं मला कळेना. (मी 'जरा डावीकडे' म्हणाले की विचारायचे, 'गाडीच्या डावीकडे की तुझ्या?' पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. शेवटी म्हणाले, पूर्व-पश्चिम सांग, घोळ नको.) म्हणून आम्ही ठोक्यांची भाषा ठरवली. पान्यानं एक ठोका म्हणजे पूर्व, दोन म्हणजे पश्चिम, तीन म्हणजे थांबा. सूनबाई खिडकीतून बघत होती. तिला माझे पायच दिसत होते. तिनं विचारलं, "आई, कुणाच्या तोंडात आहेस?" त्याच वेळी गाल सुजलेला एक रोगी दारात आला. मी खालून बाहेर सरकून, कपाळावर दिवा आणि कोपरापर्यंत ग्रीस अशा अवस्थेत, त्याला म्हटलं, बसा, पाच मिनिटांत हात धुऊन येते. तो म्हणाला, "नको, दुखायचं थांबलं."

पण काय सांगू, खाली काय मजा आहे! वरून येणारा दांडा डब्यात शिरतो. डब्यातून एक हात बाहेर येतो. तो हात एका आडव्या दांड्याला ढकलतो, तो दांडा चाकाला. मध्ये प्रत्येक सांध्यात एक गोळा बसवलेला, आपल्या खांद्याच्या हाडासारखा. ह्यांनी वर पूर्व म्हटलं की ती पूर्व एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात उतरत येते आणि शेवटी चाकापर्यंत पोचते, किंवा वाटेत कुठे तरी संपते. मी प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून बघत गेले. हलणारा दात डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतो, तसंच हे. एक भाग हलला आणि शेजारचा किंचित उशिरा हलला, की बोटाला टिचकी बसते. उजव्या चाकाजवळच्या सांध्यात मला अशी टिचकी सापडली! मी आनंदानं उठायला गेले आणि गाडीच्या पोटावर कपाळ आपटलं. हे वरून म्हणाले, "हा कुठला ठोका? यादीत नाही."

सायलेन्सरांनी येऊन बोट ठेवून बघितलं, "हं" म्हणाले, आणि तो सांधा बदलला. मी टेप घेऊन धावले. वीतभराची चार बोटं झाली होती. चार बोटं म्हणजे सुधारणा म्हणायची, पण उतारावरच्या वळणावर चार बोटं पुरतात दरीत जायला. मी इतकी खट्टू झाले की त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलले नाही. (हे नंतर म्हणाले की त्यांना फार शांत वाटलं.) दोन दिवस पुन्हा खाली. सगळे सांधे पुन्हा बघितले. टिचकी कुठेच नाही. म्हणजे हालचाल मरत तर होती, पण प्रेत सापडत नव्हतं.

याच सुमारास तुमचे चिरंजीव शनिवारी आले. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काय झालंय तिला? ठीक तर आहे," आणि मला शेजारी बसवून बाजारापर्यंत एक चक्कर मारून आणली. विहीणबाई, गाडी सरळ गेली! मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते हात एक क्षण थांबत नव्हते. डावीकडे जरासं, उजवीकडे जरासं, वळण यायच्या कितीतरी आधी त्याची तयारी. आणि हे सगळं चाललेलं असताना ते माझ्याशी नव्या घराच्या रंगाबद्दल बोलत होते. मी विचारलं, तुम्ही हात का हलवताय? ते म्हणाले, "मी कुठे हलवतोय?" या गाडीवरच शिकलेले ते. त्यांना वाटतं, गाडी चालवणं म्हणजे हेच. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, ते अठरा वर्षं एकाच बाजूनं चावतात. त्यांना विचारलं तर सांगतात, दोन्ही बाजूंनी चावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात एका बाईंचा जबडा तपासताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (त्यांचं तोंड उघडंच ठेवून मी खिडकीशी गेले, ते बरं केलं नाही.) मी इतके दिवस सांधेच बघत होते, म्हणजे दातच बघत होते. दात ज्यात रुतले आहेत ते हाड बघितलंच नव्हतं! तो नारळाएवढा डबा गाडीच्या चासीला, म्हणजे मुख्य लोखंडी सांगाड्याला, चार बोल्टांनी बसवलेला आहे. सगळं हलू दे, पण डबा स्वतः हलता कामा नये. आता तो हलतो की नाही हे बघायचं कसं? इंजिनाच्या आड, अंधारात, एखाद्या केसाइतकं हललं तर डोळ्याला काय दिसणार? मग मी कवळीच्या साच्याला वापरतो ते पांढरं प्लास्टर कालवलं आणि डबा आणि चासी यांच्या फटीवर एक पट्टी ओढली, अर्धी डब्यावर, अर्धी चासीवर. ते सुकलं की दगडासारखं होतं, पण जरासं ताणलं की तडकतं.

पट्टी सुकली. मी ठोके दिले. पूर्व, पश्चिम, पूर्व, पश्चिम. पट्टी जशीच्या तशी. मी निराश होऊन तीन ठोके देणार, एवढ्यात वरून ह्यांचा आवाज आला, "अरे मूर्खांनो!" हे स्टीअरिंगवर पेपर ठेवून वाचत बसले होते, आणि पेपरातल्या नकाशात कुणी तरी एक नदी उगमाकडे वाहत असलेली छापली होती. त्या संतापात ह्यांनी स्टीअरिंगला असा काही हिसका दिला, की माझ्या डोळ्यांदेखत पट्टी टच्कन तडकली. माझ्या नाकावर पांढरा चुरा पडला. इतके दिवस हे नाजूक हातानं हलवत होते (वर्गातसुद्धा कधी कुणाचा कान पिळला नाही यांनी), म्हणून डबा हलत नव्हता. मी ओरडले, "पुन्हा चिडा!" हे म्हणाले, "चिडलोच आहे." पुन्हा हिसका. अख्खा डबा आरशात स्पष्ट डोलला. हालचाल सांध्यांपर्यंत पोचायच्या आधीच मरत होती.

सायलेन्सर आले. त्यांनी दिवा लावून बराच वेळ त्या चार बोल्टांकडे बघितलं. मीही आरसा घालून बघितलं. तीन बोल्ट होते, त्यातले दोन ढिले. चौथ्याच्या जागी भलताच कसला तरी बारीक बोल्ट होता, भोक मोठं झालेलं, त्यात प्लास्टरच्या बँडेजची घडी कोंबलेली, आणि वरून सगळं जाड काळ्या दोऱ्यानं सात वेढे देऊन बांधलेलं. गाठ पाहिली मात्र, मला हसू आवरेना. ती गाठ मी ओळखते, आम्हालाही शिकवतात, फक्त आमचा दोरा बारीक असतो. विहीणबाई, तुम्ही गाडीला टाके घातले होते. कधी? कुठे? कोणती गाय अडली होती? मला हे सगळं ऐकायचं आहे. तो दोरा किती वर्षांचा असेल कोण जाणे, ग्रीस आणि धुळीनं चामड्यासारखा झाला होता, पण एक वेढा सुटला नव्हता.

सायलेन्सर बाहेर सरकले, उठून बसले, हात पुसले आणि म्हणाले, "हे ज्यांनी केलंय, त्यांना भेटायचंय मला." (थट्टा होती की आदर, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. पण तो दोरा त्यांनी गाठीला धक्का न लावता कापला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. थट्टा करणारा माणूस असं करणार नाही.)

आता जे लिहिते आहे त्यासाठी खरं तर हे पत्र. बँडेज काढल्यावर त्याच्यामागे चासीला एक चीर दिसली. केसाएवढी बारीक, बोटभर लांब. मी विचारलं, टाके घातले तेव्हाचीच का? सायलेन्सरांनी मान हलवली आणि चिरेच्या कडेवर नख फिरवलं. कड चकचकीत होती, गंज नव्हता. "ताजी आहे. वर्षाची," ते म्हणाले. म्हणजे जुनी ढिलाई होती तिची तुमच्या हातांना सवय होती, चिरंजीवांच्या हातांना आहे तशीच. पण गेल्या वर्षी ही चीर पडली आणि ढिलाई दिवसागणिक वाढायला लागली, उतारावर जास्त, मोठं वळण घेताना जास्त. माणसाचे हात किती पुरणार?

डेअरीच्या उतारावर तुम्ही कुंपणात गेलात तो दिवस आठवा. तुम्ही आम्हाला फोनवर म्हणाला होतात, नजर फसली, आता हात ऐकत नाहीत, वय झालं. चिरंजीव म्हणाले, आई, आता पुरे. तुम्ही किल्ली काढून दिलीत, आणि तेव्हापासून फोनवर तुमचा आवाज घरात बसलेल्या माणसाचा येतो. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मलाही ते पटलं होतं. मुलं आपल्या वयाचं निदान फार लवकर करतात, आणि आपण न तपासता सही करतो. विहीणबाई, तुमचे हात ऐकत होते. ऑपरेशन झालेला डोळाही बरोबर बघत होता. तुम्ही स्टीअरिंग फिरवलंत, आणि ती हालचाल डब्यापाशी मेली. रोग तुमच्यात नव्हता. (गाडीला टाके घालणारे हात तुमचेच, हे खरं, पण ते कित्येक वर्षांपूर्वीचे. त्याचा हिशेब या हातांच्या नावावर कशाला?)

सायलेन्सरांनी चिरेवर वेल्डिंग करून जाड पट्टी बसवली, चारही भोकं सारखी केली, चार नवे बोल्ट, नवे वायसर. मी टेप घेतला. दोन बोटं. ते म्हणाले, या गाडीला एवढं असतंच. उतारावर नेऊन आणली. ह्यांनी वळवली की वळते, सोडली की सरळ होते. सूनबाई स्वतः बसून गेली आणि खाली उतरून म्हणाली, "ठीक आहे. जाईन." तिच्याकडून एवढं म्हणजे पदक.

फक्त तुमच्या चिरंजीवांचं काय करायचं ते सांगा. पुढच्या शनिवारी ते मोठ्या उत्साहानं चालवायला बसले, हात सवयीनं डावी-उजवीकडे हलायला लागले, आणि आता गाडी ते सगळं ऐकायला लागली. रस्त्यावरून आम्ही नागासारखे गेलो. समोरून येणारा एक सायकलवाला उतरून कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचं ठरू द्या, मग निघतो." चिरंजीव घरी येऊन मला म्हणाले, "आई, तुम्ही चांगली गाडी बिघडवलीत."

असो. हे तुम्हाला नमस्कार सांगतात. डोळ्यांना जपा, पण फार जपू नका.

तुमची विहीण

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते परत फोडून लिहिते आहे. नात झाल्याचं तुम्हाला फोनवर कळलंच आहे, पण चिरंजीव तेव्हा इथे नव्हते, त्यामुळे त्यांनी सांगितलेला वृत्तान्त ऐकीव आहे. खरं असं, की बुधवारी सकाळी अकराला कळा सुरू झाल्या. हे बूट घालून, किल्ली घेऊन, मोठ्या थाटात जीपमध्ये बसले. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टक् असा एक आवाज, आणि शांतता. बॅटरी पार उतरली होती. तपासणीच्या दिवसांत ह्यांना स्टीअरिंगमागे बसून पेपर वाचायची गोडी लागली, दुरुस्ती झाल्यावरही रोज संध्याकाळी तिथेच बसत, आणि आदल्या दिवशी आतला दिवा चालूच राहिला. तीन आठवडे मी त्या गाडीचा इंच न् इंच तपासला, विहीणबाई, ती सुरू होते का हे बघायचं राहिलं. शेवटी सायलेन्सर त्यांच्या टेम्पोतून आम्हाला घेऊन गेले. सूनबाई मध्ये, मी खिडकीशी. पहिल्या वळणावर माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली. दीड वीत. त्यांच्या स्वतःच्या टेम्पोला दीड वीत ढिलाई! मी तोंड उघडणार, तेवढ्यात सूनबाईनं माझं मनगट असं धरलं की अजून दुखतंय, आणि म्हणाली, "आई, बघू नकोस." चाळीस मिनिटांत पोचलो. सायलेन्सर तीन तास बाहेरच्या बाकावर बसून होते. मुलगी झाली म्हटल्यावर म्हणाले, "हं." पण फार चांगला 'हं' होता. दोघी सुखरूप आहेत.

ता. क. दोन. एक गोष्ट सबंध पत्रात लिहायची टाळली. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसले, आणि त्या दिवशी दारात अंगणभर गाडी उभी असताना पोरीला धरून टेम्पोची वाट बघितली; ती सुरू झाली असती तरी मला ती नेता आली नसती, हे मला फार लागलं. मला शिकायचं आहे, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि याच गाडीवर. आमच्या ह्यांना पूर्व-पश्चिम सोडून शिकवणं जमायचं नाही, तुमच्या चिरंजीवांचं तर वर लिहिलंच आहे. तुम्ही या. नातीला बघायला येणारच आहात, तर जरा सवडीनं या. बसचं तिकीट मात्र एकाच बाजूचं काढा. परत जाताना तुम्हाला मीच गाडीनं सोडायला येणार आहे, आणि सायलेन्सर म्हणतात, माझ्यासारखीला शिकायला वर्ष तरी लागेल.